दिसायला मराठी, आतून इंग्रजी

मी संगणक शिकलेली नाही. मराठी घेऊन बी.ए. केलं. अक्षर बरं म्हणून मंडळाचं भित्तिपत्रक लिहायचं काम नेहमी माझ्याकडे यायचं. लग्नानंतर सुरतला आले. घरचा संगणक मी वापरते तो लाइट बिल भरायला, मुलीच्या शाळेचे फॉर्म भरायला आणि अधूनमधून चार ओळी लिहायला. तेव्हा हा लेख तज्ज्ञाचा नाही. पण गेल्या वर्षी एका जुन्या फाइलीने मला तीन-चार महिने चांगलंच पळवलं. त्या धावपळीत जे कळलं ते मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं असं वाटलं, म्हणून तुमच्यासाठी लिहिते आहे.

"बेन, फाइल करप्ट छे"

माझे सासरे (घरात सगळे त्यांना नाना म्हणतो) मूळचे नंदुरबारकडचे. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, ओडिया अशा माध्यमांच्या शाळाही चालवते. त्यातल्या एका मराठी शाळेत नाना शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या: खानदेशातून कापडाच्या कामासाठी आलेली कुटुंबं, लिंबायत-उधन्याच्या चाळी, श्रावणातली कानबाई, १९९४च्या सप्टेंबरातली प्लेगची साथ आणि त्या दिवसांत शहर सोडून निघालेली लाखो माणसं. आधी वह्यांत लिहिलं. मग २००५ मध्ये, तरुणपणी टाइपरायटर शिकल्याच्या बळावर, स्वतःच बसून सगळं संगणकावर उतरवलं.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि निम्म्याहून जास्त सुरत पाण्यात गेलं. तेव्हा आमचं घर अडाजणला, तळमजल्यावर होतं. वरच्या शेजाऱ्यांकडे नेता आलं तेवढं नेलं, त्यात संगणकाचा डबा होता. वह्यांची पेटी खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर त्या वह्यांचा नुसता लगदा हाती आला. नानांनी पुराचं एक प्रकरण लिहून फाइलीत जोडलं, सगळं एका सीडीवर घेतलं आणि सीडी कपाटात ठेवली.

गेल्या वर्षी नानांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढला. समोरचा माणूस आवाजावरून ओळखतात, वाचन तर पूर्ण थांबलं. एक दिवस म्हणाले, "सूनबाई, ती सीडी आहे ना? काय लिहिलं होतं ते एकदा ऐकायचंय."

सीडी लावली. तीन फाइली, मिळून एकशे चाळीस पानं. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. मध्येच कंस, मध्येच प्रश्नचिन्ह, एक शब्द लागेल तर शपथ. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवलं. त्याने दोन पानं खाली-वर केली आणि सांगितलं, "बेन, फाइल करप्ट छे. डिलीट करी नाखो."

मी डिलीट केली नाही. सीडीवरच आणखी एक फोल्डर होतं, त्यात एक फॉन्ट होता. तो संगणकावर बसवला, सगळा मजकूर निवडला, त्याला तो फॉन्ट लावला आणि पानभर मराठी उमटलं. पहिलंच वाक्य तापीवरचं. नानांना तिथल्या तिथे चार पानं वाचून दाखवली. मला वाटलं, काम झालं.

ई, जे, के, मोठा बी, एच

झालं नव्हतं. मला दिवसभर नोकरी, एकशे चाळीस पानं मी किती वेळा वाचणार? हल्लीचे फोन मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून फाइल नानांच्या फोनवर घातली. फोनने वाचायला सुरुवात केली ती अशी: "ई, जे, के, बी, एच..." नाना ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे मी लिहिलं नाही."

मग एक साधी गोष्ट करून पाहिली. संगणकावर फाइल उघडली आणि शोधायच्या चौकटीत "तापी" असं मराठीत टाइप केलं. पडद्यावर पहिल्याच ओळीत "तापी" दिसतंय, आणि संगणक म्हणतो, असा शब्द सापडला नाही. तिथे मला कोडं उलगडलं.

संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याच्याजवळ असतो तो अक्षराचा क्रमांक. इंग्रजी मोठा बी म्हणजे ६६, लहान ई म्हणजे १०१, असे क्रमांक सगळ्या जगाने मान्य केलेले आहेत. फॉन्ट म्हणजे त्या क्रमांकाच्या जागी पडद्यावर कोणतं चित्र काढायचं याची यादी. १९९० च्या दशकात आपल्याकडे छपाईसाठी मराठी हवं होतं आणि छपाईच्या प्रोग्रॅमना मराठी येत नव्हतं. तेव्हा एक नामी युक्ती निघाली: फॉन्टमधली इंग्रजी चित्रं काढून टाकायची आणि त्याच क्रमांकांवर देवनागरीची चित्रं बसवायची. संगणक समजतो की इंग्रजी चाललंय, माणसाला दिसतं मराठी.

कृतिदेव हा फॉन्ट अनेकांना माहीत असतो, म्हणून त्याचं उदाहरण घेते. नानांचा फॉन्ट दुसरा होता, पण मांडणी तीच, टाइपरायटरची. कृतिदेवमध्ये ई दाबलं की म उमटतो, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. म्हणजे पडद्यावर "मराठी" दिसतं तेव्हा फाइलीत साठलेलं असतं ई-जे-के-बी-एच. फॉन्ट असेल तोवर वेश टिकतो. फॉन्ट गेला, की आतलं इंग्रजी उघडं पडतं. नानांची फाइल करप्ट झालेलीच नव्हती. तिच्यात मराठी कधी नव्हतंच!

यात कुणाला दोष द्यायचा नाही. त्या युक्तीवर महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि शाळांचे प्रश्नसंच वर्षानुवर्षं छापले गेले. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचा सुरेख असे किती तरी फॉन्ट घरोघरी आणि छापखान्यात होते. कागदावर उमटलेलं मराठी अस्सलच होतं. अडचण एवढीच, की एका कंपनीचे क्रमांक दुसरीशी जुळत नव्हते आणि फाइल जपून ठेवायची तर फॉन्टही जपावा लागत होता.

सुरतेचीच एक जुनी गोष्ट

हे कळल्यावर मला कॉलेजात ऐकलेली एक गोष्ट आठवली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावर १९५८ मध्ये इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं त्यात ती आली आहे. सतराव्या शतकात सुरतेत भीमजी पारेख नावाचे मोठे व्यापारी होते, ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल. आपल्याकडचे जुने ग्रंथ छापावेत अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र, कागद आणि इंग्रजी खिळे घेऊन मुंबईत आला. पण तो छापणारा होता, खिळे पाडणारा नव्हता. यंत्र आलं, इंग्रजी छापता येऊ लागलं, आपली अक्षरं मात्र नव्हती. भीमजींचे प्रयत्न तिथेच अडले.

पुढे सव्वाशेहून जास्त वर्षांनी, १८०५ मध्ये, बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मराठीचं व्याकरण छापलं ते देवनागरी खिळ्यांत. मधल्या काळात यंत्रं होती, शाई होती, कागद होता. थांबलं होतं ते आपल्या अक्षराचा खिळा पाडण्यापाशी. आमच्या घरच्या संगणकाचंही तसंच. यंत्र केव्हाच आलं होतं, अक्षर उसनं होतं.

अक्षराला स्वतःचा क्रमांक

आपल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक द्यायचं काम भारतात त्याच सुमारास चालू होतं. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून इस्की ही संकेतपद्धती ठरली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक, ही युनिकोडची कल्पना. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या. क म्हणजे २३२५, म म्हणजे २३५०, ठ म्हणजे २३३६. "मराठी" हा शब्द म्हणजे २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. फॉन्ट कोणताही लावा, यंत्र कोणतंही असो, हे क्रमांक बदलत नाहीत. फोनला ते कळतात, शोधयंत्राला कळतात आणि अंध व्यक्तींना पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमलाही कळतात.

मग नानांनी २००५ मध्ये युनिकोड का वापरलं नाही? विंडोज २००० पासून देवनागरीची सोय होती खरी, पण पुढच्या एक्सपीतही ती वेगळी बसवावी लागायची, आणि छापखान्यातल्या पेजमेकरला युनिकोड मराठी जमत नव्हतं. छापखानेवाला सांगेल तो फॉन्ट, असाच रिवाज होता. नानांनी तोच पाळला.

रूपांतर करताना काय होतं

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदल करणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. डाव्या चौकटीत जुना मजकूर घाला, बटण दाबा, उजवीकडे युनिकोड घ्या. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. प्रत्यक्षात दोन महिने लागले. ते का लागले, हे समजून घेण्यासारखं आहे.

पहिलं कारण तुकड्यांचं. जुन्या फॉन्टमध्ये जागा मोजक्याच, दोनशेच्या आसपास. सगळी जोडाक्षरं त्यात मावत नाहीत. म्हणून अक्षरं तुकड्यांनी जुळवलेली असतात. कृतिदेवमध्ये अर्ध्या भ साठी मोठा एच आणि काना दिला की पूर्ण भ. म्हणजे "भात" लिहायला एच, के, के, आर: अर्धा भ, त्याची दांडी, खरा काना आणि त. दोन्ही "के" दिसायला आणि क्रमांकाने सारखेच, पण एक दांडी आहे आणि एक काना. रूपांतर करणाऱ्याने आधी भ जुळवायचा आणि मग उरलेला काना घ्यायचा. हा क्रम चुकला की "भात"चं काहीही होतं.

दुसरं कारण क्रमाचं. ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या डावीकडे काढतो, म्हणून टाइपरायटरवर ती आधी मारतात आणि जुन्या फाइलीतही ती आधी असते. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतो: आधी क, मग वेलांटी. रफार त्याच्या उलट. "धर्म" टाइप करताना ध, म आणि शेवटी डोक्यावर रफार. युनिकोडला हवं ध, र, हलन्त, म. साधन कच्चं असेल तर "धर्म"चा "धमर्" होतो. पहिल्या दिवशी नानांच्या फाइलीत असे शेकड्याने "धमर्", "कमर्" आणि "मागर्" निघाले. दुसरं साधन घेतलं, त्याने पुष्कळ सुधारले. उरलेले मी शोधा-आणि-बदला करून काढले.

तिसरं कारण गमतीचं. नानांनी काही शब्द मुळातच इंग्रजीत, इंग्रजी फॉन्टमध्ये टाइप केले होते. रूपांतर करणाऱ्याला हे कुठून कळणार? त्याने तेही "मराठी" करून टाकले. एका पानावर "उपसस" असा शब्द आला. अर्धा तास डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, कृतिदेवच्या मांडणीत एम म्हणजे उ, आय म्हणजे प, एल म्हणजे स. नानांनी इंग्रजीत "मिल" लिहिलं होतं!

चौथी चूक माझी. पहिली फाइल दुरुस्त करून झाली आणि मी ती साधा मजकूर लिहायच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये साठवली. साठवताना त्याने काही तरी विचारलं, मी न वाचता "ओके" दाबलं. दुसऱ्या दिवशी उघडली तर वीस पानं नुसती प्रश्नचिन्हं. जुन्या पद्धतीच्या साठवणीत देवनागरीला जागाच नसते, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसतं, आणि एकदा बसलं की मूळ अक्षर परत येत नाही. साठवताना "यूटीएफ-८" हा पर्याय निवडायचा असतो. मूळ सीडी मी तशीच ठेवली होती म्हणून वाचले. दहा दिवसांचं काम मात्र पुन्हा केलं.

नाना मुद्रितं तपासतात

डोळ्यांना चूक दिसतेच असं नाही. आपण सवयीने बरोबर वाचतो. यंत्र तसं करत नाही, जे आहे तेच वाचतं. म्हणून पुढे मी दर प्रकरण रूपांतर झालं की नानांच्या फोनवर टाकू लागले. नाना खुर्चीत बसून ऐकायचे आणि अडलं की थांबवायचे. "तिथे धर्म हवं, ती काहीतरी धमर म्हणते." "रोटाच्या ऐवजी राटा आलंय." कानबाईच्या रोटाला राटा म्हटलेलं त्यांना चालण्यासारखंच नव्हतं. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेला माणूस, आता कानांनी तपासत होता, आणि माझ्यापेक्षा जास्त चुका काढत होता.

एक भांडणही झालं. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमने अहिराणी शब्दांखाली लाल रेघा मारल्या होत्या. मी घाईत त्यातले काही "दुरुस्त" करून टाकले. नानांनी ऐकलं आणि म्हणाले, "हे पुण्याचं झालं. माझी आई असं बोलायची नाही." सगळे शब्द परत जुने केले. यंत्राच्या यादीत शब्द नाही म्हणून तो चुकीचा ठरत नाही, हे बी.ए.ला शिकले होते. घरात पुन्हा शिकले.

३८४ चं अंतर

आता सुरतेत राहिल्यामुळेच समोर आलेली गोष्ट. माझ्या दिरांचा मुलगा गुजराती माध्यमात शिकतो. घरात मराठी बोलतो, नानांना मात्र "दादा" म्हणतो, गुजराती रीतीने. देवनागरी त्याला हिंदीमुळे येते, पण वाचताना अडखळतो. गुजराती लिपी झरझर वाचतो. तो म्हणाला, "काकू, दादांचं मला गुजरातीत करून दे ना." त्याला भाषांतर नको होतं. भाषा मराठी, लिपी तेवढी गुजराती.

इथे युनिकोडची एक सुंदर रचना कळली. इस्कीने सगळ्या भारतीय लिप्यांची वर्णमाला एकाच मांडणीत बसवली होती आणि युनिकोडने तीच मांडणी उचलली. त्यामुळे देवनागरी क २३२५, तर गुजराती क २७०९. देवनागरी ळ २३५५, गुजराती ळ २७३९. वजाबाकी करून पाहा, दोन्हीकडे ३८४. जवळजवळ प्रत्येक अक्षराला हेच अंतर. इन्स्क्रिप्ट कळफलकही याच विचाराचा: इंग्रजी के च्या कळीवर क, मराठी असो की गुजराती.

हिशेबाच्या तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये अक्षराचा क्रमांक काढायचं आणि क्रमांकाचं अक्षर करायचं सूत्र असतं. मी एक पान घेतलं, एकेक अक्षर सुटं केलं आणि देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकात ३८४ मिळवले. पान गुजराती लिपीत आलं! पण मध्ये मध्ये रिकामी चौकट. पाहिलं तर सगळ्या चौकटी एकाच अक्षराच्या: "ऱ". देवनागरीत ऱ ला २३५३ ही जागा आहे. गुजरातीत तिच्यासमोरची जागा रिकामी आहे, कारण गुजरातीला हे अक्षर लागत नाही. मी तिथे साधा र घातला. संध्याकाळी पुतण्या वाचता वाचता थांबला: "काकू, सातपुड्यात दरियो होता?"

नानांनी लिहिलं होतं "सातपुड्याच्या दऱ्या". माझ्या र ने त्याचं "दर्या" झालं होतं. व्याकरणाच्या तासाला "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" यातला फरक आपण सगळ्यांनी पाठ केला आहे. लिपी बदलताना तो फरक असा गळून पडतो. त्या सगळ्या जागा शोधून मी उच्चार कळेल अशी खूण केली. एवढी खटपट करायची नसेल तर "अक्षरमुख" नावाचं फुकट साधन आहे, ते अनेक लिप्यांमध्ये असं लिप्यंतर करतं. पण कुठल्याही साधनानंतर ऱ च्या जागा एकदा डोळ्यांखालून घालाच.

तुमच्याकडे अशी फाइल असेल तर

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असं काही तरी असेल: आजोबांच्या कविता, आत्याचा प्रबंध, गावच्या मंडळाची स्मरणिका. मंडळाच्या कपाटातल्या जुन्या सीड्यांवरही बहुधा हीच कथा असेल. माझ्या चुकांतून निघालेल्या काही सूचना:

१. न कळणारं इंग्रजी दिसलं म्हणून फाइल डिलीट करू नका. मूळ फाइलीची प्रत करा आणि मूळ फाइलीला हात लावू नका.

२. मजकूर मराठी दिसत असला तरी शोधून पाहा. समोर दिसणारा शब्द युनिकोड कळफलकाने टाइप करून सापडला, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. सापडला नाही, तर बहुधा नुसता वेश आहे.

३. फॉन्टचं नाव टिपून घ्या. मजकूर निवडला की वरच्या पट्टीत नाव दिसतं. रूपांतराचं साधन त्याच फॉन्टसाठी बनवलेलं हवं.

४. मूळ फाइल नसेल आणि फक्त छापील पानं किंवा पीडीएफ असेल, तर पानांच्या चित्रावरून मजकूर ओळखणारी साधनं वापरा. गूगल ड्राइव्हवर चित्र टाकून ते गूगल डॉक्समध्ये उघडलं की मराठी मजकूर निघतो. चुका राहतात, पण सगळं पुन्हा टाइप करण्यापेक्षा बरं.

५. पत्रं, रोजनिशी असा खासगी मजकूर कुठल्याही अनोळखी साधनात घालू नका. आधी ते पान उघडा, मग इंटरनेट बंद करा आणि दोन बिनमहत्त्वाच्या ओळी घालून पाहा. तरीही रूपांतर झालं, तर ते काम तुमच्याच संगणकावर होतं आहे.

६. "ॲ" कडे लक्ष द्या. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीच्या पद्धतीत अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे असतात. दिसायला सारखं, पण "ॲप" शोधलं तर जुनं सापडत नाही. सगळीकडे एकच रूप ठेवा.

७. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर घाबरू नका. क्रमांक तोच आहे, मराठी वळणाचा फॉन्ट लावला की अक्षर आपलं दिसेल.

८. शेवटी यंत्राकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि ज्याने लिहिलं तो माणूस जवळ असेल, तर त्याला शेजारी बसवा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. "उपसस" म्हणजे काय ते मी कधी तरी ओळखलं असतं, पण "रोट" आणि "राटा" यातला बरोबर शब्द कोणता, ते सांगणारे नानाच होते. आणखी पाच वर्षांनी ही फाइल हाती आली असती, तर विचारायचं कुणाला?

आता एकशे चाळीस पानांपैकी पुराचं प्रकरण तेवढं तपासायचं राहिलंय. रोज रात्री जेवण झालं की नाना फोन कानाशी धरतात आणि मी कागद-पेन घेऊन बसते. येत्या सुटीत तुम्हीही घरचं कपाट उघडा. काही सापडलं आणि अडलं तर मंडळाकडे कळवा. मला जेवढं येतं तेवढं मी नक्की सांगेन.